विश्वास कमी पडतोय का, मॅडम?

समुपदेशक म्हणून काम करताना ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्याच्या पहिल्या दोन वाक्यांतच तो ओळखू येतो. घरात कुणीतरी गंभीर आजारी असतं. मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, प्रार्थना करते, उपास होतात, रिपोर्ट मात्र सुधारत नाहीत. मग घरचं माणूस स्वतःच्याच मनाची झडती घ्यायला लागतं.

पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवऱ्याच्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पसरलेला. डॉक्टरांनी आता त्रास कमी करणारेच उपचार ठेवले होते. बाईंची तक्रार होती झोप लागत नाही एवढीच. खरं काय ते दोन-तीन भेटींनंतर बाहेर आलं.

"रात्री हे बोलायला लागतात. विम्याचे कागद, मुलीचं पुढे कसं, दफन कुठे... मी लगेच थांबवते. म्हणते, असं अभद्र बोलू नका, प्रभूवर भरवसा ठेवा."

"मग ते काय करतात?"

"भिंतीकडे तोंड करून पडतात."

"आणि तुम्ही?"

"बाथरूममध्ये नळ सोडून रडते. उपासनेला मात्र हसत जाते. सगळे म्हणतात, बहीण, तुमचा विश्वास किती मोठा!"

एका घरात दोन माणसं, आणि दोघंही एकटी. या एकटेपणाला श्रद्धा कारणीभूत आहे असं मी मानत नाही. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञानं आजारपणातल्या श्रद्धेचा बराच अभ्यास केलाय. देव या दुःखात माझ्यासोबत आहे असं वाटणाऱ्याला श्रद्धा तोलून धरते. देव मला शिक्षा देतोय किंवा त्यानं मला टाकलंय असं वाटणाऱ्याला तीच श्रद्धा पोखरते. म्हणून मी कुणाच्या श्रद्धेशी वाद घालत नाही. माणसाला सोडवणारं काहीतरी त्याच्या श्रद्धेतच असतं, हे माझं जुनं मत. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही, असो.

बाई संडे स्कूलला शिकवायच्या. एके दिवशी मी म्हटलं, "गेथशेमानेची गोष्ट मुलांना सांगता तशी मला सांगा."

त्यांनी भराभर सांगितली. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू तिथे देवाला विनवतो: हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.

"त्याच्या आधी शिष्यांना काय सांगितलं?"

त्या थांबल्या. "की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय. इथे थांबा, जागे राहा."

"हे बोलताना येशूचा विश्वास कमी पडला होता?"

बराच वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मीही गप्प राहिले. अशा वेळी तोंड न उघडणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड काम, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

"शिष्य झोपले," त्या म्हणाल्या. मग एकदम, "मॅडम, हे रात्री मला तेच सांगत असतात ना? जागी राहा म्हणून?"

वर्षानुवर्षं मुलांना शिकवलेली गोष्ट त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या घरात शिरली. मी हेच वाक्य उपदेश म्हणून ऐकवलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा नवऱ्याला गप्प केलं असतं.

पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, "दफनाचं दोन मिनिटांत संपलं हो. थोरल्या भावाशी अबोला आहे, तो मिटवायचाय म्हणाले." भाऊ त्याच आठवड्यात येऊन गेला.

ज्यांना रडण्याचीही भीती वाटते त्यांनी बायबलमधलं 13वं स्तोत्र काढावं; त्याची सुरुवातच 'किती वेळ' या तक्रारीनं होते. 88वं तर अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्यांनी पाप कुणाचं असं विचारलं, तेव्हा येशूनं ना त्याच्यावर ठपका ठेवला, ना आईबापांवर.

औषधाचंही तसंच. मॉर्फिन द्यायला बाई बिचकायच्या, जणू कळा सोसणं हीच परीक्षा. 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारी संस्था) उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, आणि वेदनाशामक औषध वेळच्या वेळी, कळ उठण्याआधी द्यावं हा त्यांचाच आग्रह. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलजनांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. औषध थांबवा असं कुठेही नाही.

मंडळीला माझं सांगणं थोडं रोखठोक आहे. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका; थकलेल्या माणसाला सांगायचंही बळ नसतं. "मंगळवारी दुपारी दोन तास मी बसते, तुम्ही झोपा," असं म्हणा. तब्येतीची बातमी एकानंच सगळ्यांना कळवावी. भेटीला विचारून जावं, प्रार्थना लहान असावी. आणि अमक्याची गाठ प्रार्थनेनं विरघळली ही साक्ष आजाऱ्याच्या उशाशी नको. त्याला त्यातून एवढंच ऐकू येतं, की त्यांना मिळालं, मला नाही. मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या चौघांनी पक्षाघाती माणसाला विश्वास वाढव म्हणून सांगितलं नाही. त्यांनी खाट उचलली, छप्पर उघडलं आणि त्याला येशूपुढे खाली सोडलं.

झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, देव शिक्षा देतोय हा विचार हटत नसेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा. त्यासाठी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सोडावं लागत नाही. या बाईंना माझा नंबर त्यांच्या पाळकसाहेबांनीच दिला होता.