अलाइनमेंट दोनदा करूनही जुनी स्पोर्ट्स कार डावीकडे का ओढते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपली 1992ची उजव्या स्टिअरिंगची माझदा एमएक्स-5 सातारा-कराड रस्त्यावर सतत डावीकडे ओढते, सरळ जाताना स्टिअरिंग व्हील किंचित उजवीकडे धरून ठेवावे लागते, यवतेश्वर घाटात वळण संपल्यावर ते आपोआप मध्यावर येत नाही, आणि दोन ठिकाणी अलाइनमेंट करूनही, अहवालातील सगळे आकडे हिरवे दिसत असताना, फरक शून्य आहे. मी सांगलीत राहतो आणि जुन्या गाड्यांच्या सस्पेन्शनचे काम हौसेने करतो. माझा सल्ला असा की तिसऱ्यांदा अलाइनमेंटला पैसे घालू नयेत. मशीन उभ्या गाडीच्या चाकांचे कोन मोजते; ब्रेक, वेग आणि वळण यांच्या जोराने झिजलेला बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातील रबरी गादी) दबला की तेच चाक कोठे सरकते, हे त्याला दिसत नाही.

प्रथम हातातला अहवाल पुन्हा वाचावा. सर्वात वर कोणत्या गाडीचे नाव छापले आहे, ते पाहावे. आपली गाडी मशीनच्या यादीत बहुधा नसते आणि मशीनचालक जवळची वाटेल ती हॅचबॅक निवडून मोकळा होतो. मग हिरवा रंग त्या हॅचबॅकच्या मर्यादा सांगतो, आपल्या गाडीच्या नव्हे. त्यामुळे रंग विसरून डाव्या-उजव्या बाजूंतील फरक पाहावा. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचा कल (वरचा भाग बाहेर झुकला तर धन, आत झुकला तर ऋण) आणि कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते, त्याचा बाजूने पाहता मागे असलेला कल. ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. पुढचा टो (वरून पाहता चाकांची तोंडे किती आत किंवा बाहेर वळली आहेत) मात्र सहसा ओढत नाही, कारण धावताना तो दोन्ही चाकांत समान वाटला जातो. त्याच्या चुकीमुळे टायर खाल्ले जातात आणि स्टिअरिंग व्हील तिरके बसते.

आपल्या बाबतीत माझा पहिला संशय मागच्या चाकांवर आहे. अनेक सामान्य गाड्यांत मागे काहीच फिरवता येत नाही, म्हणून काम पुढच्या टोवरच संपते. या गाडीत चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आहेत आणि मागचा टोसुद्धा लोअर (खालच्या) आर्मच्या कॅम बोल्टने, म्हणजे फिरवल्यावर आर्म सरकवणाऱ्या बोल्टने, बदलता येतो. मागच्या चाकांचा एकत्रित रोख उजवीकडे गेला असेल, तर गाडीचे तोंड डावीकडे वळू पाहते आणि ती सरळ ठेवण्यासाठी स्टिअरिंग उजवीकडे धरावे लागते, म्हणजे नेमके आपले लक्षण. अहवालात थ्रस्ट अँगलचा, म्हणजे मागच्या चाकांच्या या एकत्रित रोखाचा, आकडा आहे का, ते पाहावे. नसेल तर मागची चाके मोजलीच गेली नाहीत, असे समजण्यास हरकत नाही.

तत्पूर्वी दोन स्वस्त कारणे दूर करावीत. आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता डावीकडे उतरता असतो आणि दुभाजक असलेल्या महामार्गावर साधारणपणे दोन्ही लेन त्याच बाजूला झुकलेल्या असतात, त्यामुळे लेन बदलून केलेली परीक्षा फसवी ठरते. एमआयडीसीतील एखादे सपाट, मोकळे काँक्रीटचे पटांगण गाठावे. ऊस हंगामात ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या आमच्याकडच्या रस्त्यांवर तर निर्दोष गाडीसुद्धा डुलते. दुसरे कारण टायर. पुढचे दोन टायर आपसांत बदलावेत, मात्र त्यांच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण नसावा. ओढ बाजू बदलते किंवा नाहीशी होते का, ते पाहावे. तसे झाले तर दोष टायरचा. बाजूच्या भिंतीवरील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे 2314 हा 2014च्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. अशा गाड्या कमी फिरतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र दगड झालेले असते. याच फेरीनंतर चारही रिम्सजवळ हात नेऊन पाहावा. एकच चाक स्पष्ट तापलेले असेल तर त्या बाजूचा ब्रेक कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकतो आहे.

यानंतर खरे काम, म्हणजे प्ले (सांध्यांतील ढिलाई) शोधणे. गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर कोणीही खाली शिरू नये. पुढचे चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवले असता खटका लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे टोक) किंवा रॅक (त्या दांड्यांना डावी-उजवीकडे सरकवणारी दातेरी पट्टी) पाहावा. वर-खाली धरून हलवल्यावर खटका लागला तर बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा) किंवा हब बेअरिंग (हब म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग). या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी सोबत्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे: खटका थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. टाय रॉडची परीक्षा चाके जमिनीवर असताना पुन्हा करावी. सोबत्याने स्टिअरिंग दोन बोटे इकडे-तिकडे हलवावे आणि आपण जॉइंटवर बोटे ठेवावीत. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटांना टिचकीसारखा लागतो. मागचे बुश मात्र चालवतानाच बोलतात. ॲक्सिलरेटर दाबताना गाडी एका बाजूला आणि सोडताना दुसऱ्या बाजूला झुकू लागली, तर मागचा टो धावता-धावता बदलतो आहे.

स्टिअरिंग परत न येण्याला कमी कॅस्टर हे एक कारण आहे, पण माझ्या मते ते कारण अनेकदा उगाच पुढे केले जाते. आधी टायरमधील हवा तपासावी. मग दोन्ही टाय रॉड नकल्सपासून (हब धरून ठेवणाऱ्या भागांपासून) सोडवून प्रत्येक हब हाताने डावी-उजवीकडे वळवावा. तो जड वळला तर बॉल जॉइंट कोरडा पडला आहे. हब हलके आणि स्टिअरिंगच जड असेल, तर दोष कॉलमच्या (स्टिअरिंग व्हीलखालच्या दांड्याच्या) युनिव्हर्सल जॉइंटमध्ये किंवा प्रमाणाबाहेर आवळलेल्या रॅकमध्ये आहे.

आता कॅम बोल्ट. तीस वर्षांत ते बुशच्या आतील लोखंडी नळीला गंजाने चिकटतात. नट सैल करून बोल्ट फिरवताना रबरही सोबत पिळू लागले, तर तो अडकला आहे, हे ओळखावे. मशीनचालक "होत नाही" म्हणतो ते बहुधा यामुळेच. काही दिवस गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे. त्यानेही सुटला नाही तर बोल्ट कापून बुशसह नवा घालावा. जुन्या जागेची रंगाने खूण आधीच करावी. आणि नव्या बुशचा अंतिम आवळ गाडी चाकांवर उभी असतानाच द्यावा. हवेत लटकत्या आर्मवर नट आवळला तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

गाडी परदेशातून आलेली असल्यामुळे जुन्या अपघाताची शक्यताही तपासावी. पुढच्या आणि मागच्या हबच्या केंद्रांमधील अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. ते 2265 मिमीच्या जवळपास आणि मुख्य म्हणजे दोन्हीकडे सारखे हवे. स्पष्ट तफावत असेल तर आधी वाकलेला आर्म किंवा सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसते ती चौकट) शोधावी.

हे सर्व निस्तरल्यावर अलाइनमेंट करावे: टाकी अर्धी, चालकाच्या आसनावर आपल्या वजनाइतकी पोती, कारण टनापेक्षा हलक्या गाडीत तेवढ्याने कॅम्बर हलतो. आधी मागचे कॅम्बर आणि टो, मग पुढचे कॅम्बर आणि कॅस्टर, आणि स्टिअरिंग मध्यावर बांधून ठेवून शेवटी पुढचा टो. रोजच्या वापरासाठी मी पुढे ऋण एक अंशाच्या आत कॅम्बर आणि जवळजवळ शून्य टो ठेवतो. मागे कॅम्बर त्याहून किंचित अधिक ऋण आणि थोडा टो-इन (चाकांची तोंडे आत). त्या वेळी कोणी स्टिअरिंग व्हील काढून एक दात फिरवून सरळ बसवतो म्हणाला, तर स्पष्ट नकार द्यावा. त्याने रॅकचे केंद्र सरकलेलेच राहते आणि गाडी एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी वळते. व्हील दोन्ही टाय रॉड सारख्याच आट्यांनी विरुद्ध दिशांना फिरवून सरळ करावे.