रस्त्यावर जखमी कुत्रं दिसलं तर काय करावं, आणि बरं झाल्यावर त्याला कायमचं घर कसं मिळवून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की जखमी कुत्रं बघून पुढे निघून जाणं तुम्हाला जमत नाही, पण उचललं तर पुढचं कसं निभवायचं ते कळत नाही, पाठीशी कुठली संस्था नाही, आणि एकट्या माणसाला हे झेपतं का. मी बरीच वर्षं हे काम करते आहे. एकट्याला झेपतं. मात्र हात लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: हे कुत्रं आज रात्री आणि त्यानंतरचे काही आठवडे कुठे राहणार आहे? डॉक्टर सापडतात, गाडी मिळते, पैसेही थोडेफार उभे राहतात. सगळं अडतं ते दवाखान्यातून सुटका झाल्यापासून नवीन घर मिळेपर्यंतच्या काळात. तेवढी सोय असेल तर एकटा माणूसही हे नीट पार पाडतो. नसेल तर मोठे गटही त्याच जागी कोलमडलेले मी पाहिलेत.

आता प्रत्यक्ष जागेवरचं. कळा सोसणारं कुत्रं रोज खायला घालणाऱ्यालाही चावतं, तेव्हा थेट समोरून जाऊ नका. बाजूने, बसत बसत, डोळ्याला डोळा न लावता, हळू बोलत जवळ जा. जाड चादर किंवा घोंगडी अंगावर टाकली की बरीचशी शांत होतात. तोंड बांधायचं तर बँडेजची लांब पट्टी नाकाडावर गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारा आणि टोकं कानांमागे नेऊन बांधा. पण धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा जबड्याला मार असेल तर मुसकं मुळीच बांधू नका. उचलताना पाठ वाकता कामा नये. फळी, उलगडलेला पुठ्ठ्याचा खोका, काहीच नसेल तर दोघांनी चारही टोकांनी ताणून धरलेली चादर चालते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

ओठ वर करून हिरडी बघता आली तर फार उपयोग होतो. निरोगी हिरडी गुलाबी असते आणि बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. पांढरी किंवा राखाडी दिसली, रंग परतायला वेळ लागला, तर बाहेर रक्त दिसो न दिसो, ते शॉकमध्ये जातंय, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडून जीव धोक्यात येतोय, असं धरून निघा. अंग झाकून उबदार ठेवा. पाणी किंवा खाणं तोंडात ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि पुढे भूल द्यायची झाली तर पोट रिकामंच बरं. आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतं, पॅरासिटामॉल यकृताला. चांगल्या हेतूने दिलेली गोळी डॉक्टरांचे हात बांधून टाकते.

रेबीजबद्दल मी जरा कठोर आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजची ९९ टक्क्यांपर्यंत लागण कुत्र्यांकडून होते आणि एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून हे काम करायचं ठरवलं असेल तर आधी स्वतः प्रतिबंधक लस घ्या. चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. चावलेलं कुत्रं १० दिवसांनंतरही ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता हे खरं, पण म्हणून ते १० दिवस लस लांबवायची नसते. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. रेबीज झालेलं प्रत्येक कुत्रं पिसाळून धावत सुटत नाही. काहींचा जबडा लुळा पडतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. अशा तोंडात हात घालू नका.

निघण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. कुत्री असेल तर तिची सडं बघा. दूध उतरलेलं असेल तर पिल्लं जवळपासच कुठेतरी आहेत आणि ती शोधल्याशिवाय तिला नेऊन भागत नाही. आणि गळ्यात पट्टा, चिठ्ठी, त्वचेखाली मायक्रोचिप (मालकाचा शोध लावून देणारी बारीक चकती, ती दवाखान्यात यंत्राने वाचतात) आहे का हे तपासून घ्या. आपण ज्याला बेवारस समजतो त्याला कुणीतरी रात्रंदिवस शोधत असू शकतं.

दवाखान्यात पोचल्यावर लोकांचं लक्ष मोडलेल्या पायाकडे असतं. पाय थांबू शकतो. गाडीखाली आलेल्या कुत्र्याच्या छातीत हवा साठलेली असू शकते, छाती आणि पोटामधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली असू शकतात, मूत्राशय फुटलेलं असू शकतं, आणि यांतलं काही लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांना श्वासाबद्दल विचारा, आणि लघवी झाली का, कधी झाली, रंग कसा होता, हे स्वतः टिपून ठेवा. मागचे पाय लुळे असतील तर डॉक्टर बोटाला चिमटा घेऊन पाहतात. पाय मागे ओढला गेला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, कारण तेवढं मेंदूपर्यंत काही न पोचताही होऊ शकतं. चिमटा घेतल्यावर ते वळून बघतं का, कण्हतं का, चावायला येतं का, हे महत्त्वाचं. मणका मोडून ही खोल संवेदनाच गेली असेल तर पुन्हा चालण्याची आशा फार कमी उरते. चाकाची गाडी लावून अशी कुत्री आनंदाने जगतात, मी पाहिली आहेत. पण त्यांचं मूत्राशय दिवसातून अनेकदा हाताने दाबून रिकामं करावं लागतं, वर्षानुवर्षं. ते कोण करणार, याचं उत्तर आधी हवं. आणि ज्याच्या वेदना आटोक्यात येणारच नाहीत त्याला शांतपणे जाऊ देणं हाही उपचारच आहे. तो निर्णय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्या.

उलट, जे बघून लोक धीर सोडतात त्यातलं बरंच सुधारतं. कमरेच्या हाडाचे अनेक मोड शस्त्रक्रियेशिवाय, सहा ते आठ आठवड्यांच्या सक्त विश्रांतीने जुळून येतात. पाय कापावा लागलेली बहुतेक कुत्री काही आठवड्यांत तीन पायांवर पळायला लागतात. अंगावरचे सगळे केस गेलेली, दुर्गंधी येणारी खरूज आजच्या औषधांनी अशी बरी होते की नंतर कुत्रं ओळखू येत नाही. जखमेत अळ्या पडलेल्या असतील तर टर्पेंटाइन, रॉकेल, फिनाईल असलं काहीही ओतू नका, मांस भाजतं. केस कापून, चिमट्याने एकेक अळी काढून, सलाईनने धुऊन आणि डॉक्टरांनी वजनावर ठरवलेलं औषध देऊनच ते साफ होतं. वेळ लागतो, वास असह्य असतो, पण खोल भगदाडंसुद्धा भरून येतात.

आता तो मधला काळ. १८६० मध्ये मेरी टील्बी यांनी लंडनमध्ये कुत्र्यांसाठी जो आसरा काढला आणि जो आज बॅटरसी म्हणून ओळखला जातो, तो हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांचं तात्पुरतं घर म्हणूनच सुरू झाला होता. आपल्याला तेवढा पसारा नको. एक खोली, दार लागणारी मोरी किंवा मोठा पिंजरा पुरे. फक्त ती जागा घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळी हवी. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार अंगात मुरत असताना कुत्रं धडधाकट दिसू शकतं, म्हणून किमान दोन आठवडे वेगळं ठेवायचं. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फरशीच्या औषधाला दाद देत नाही. जागा घासून स्वच्छ केल्यावर ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. तोवर त्या खोलीत लस न झालेलं पिल्लू आणू नका.

उपासमारीने हाडं निघालेल्या कुत्र्यापुढे लगेच भरलेलं ताट ठेवू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार ढासळतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा, डॉक्टरांना विचारून वाढवत न्या. हेच आठवडे त्याच्या स्वभावाची ओळख होण्याचेही असतात. पट्टा लावल्यावर काय करतं, जेवताना कुणी जवळ आलेलं चालतं का, एकटं राहिलं तर रडतं का, मुलांना घाबरतं का, हे सगळं लिहून ठेवा. पुढे घर शोधताना औषधांच्या फाईलपेक्षा ही वही जास्त कामाला येते.

प्रत्येक बऱ्या झालेल्या कुत्र्याला घर शोधायलाच हवं असं मी मानत नाही. ज्याची जागा ठरलेली आहे, खायला घालणारी माणसं आहेत, जे तिथे सुखाने होतं, त्याला नसबंदी आणि रेबीजची लस करून बरोब्बर त्याच जागी सोडावं. दुसरीकडे सोडलं तर तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत. पिल्लं साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात माणसाला सरावतात. तो काळ माणसाशिवाय गेलेलं मोठं, बुजरं कुत्रं चार भिंतींत कोंडणं ही त्याच्यावर दया नव्हे. घर शोधायचं ते परत जाऊ न शकणाऱ्यांसाठी: तीन पायांचं, आंधळं, म्हातारं, टाकून दिलेलं पाळीव, अनाथ पिल्लू.

जाहिरात करताना अपघाताचे फोटो वापरू नका, हे माझं ठाम मत आहे. रक्ताळलेल्या फोटोवर मदत गोळा होते, घर मिळत नाही. कीव वाटून आलेला माणूस ती कीव ओसरली की परत फिरतो. उजेडात, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढलेला फोटो आणि ते पट्ट्यावर चालतानाचा छोटा व्हिडिओ एवढं पुरतं. आणि उणिवा लपवू नका. माझ्याकडे पुढचा पाय कापलेली एक काळी कुत्री होती, वयाने मोठी. "गोड, शांत" असं लिहून तिच्यासाठी एकही फोन आला नाही. मग आम्ही लिहिलं की ती जिना चढत नाही, मांजर दिसली की ओढते, ढगांच्या गडगडाटाला घाबरून पलंगाखाली जाते, आणि दुपारभर माणसाच्या पायावर डोकं ठेवून झोपते. तळमजल्यावर राहणारं, दिवसभर घरी असणारं एक जोडपं ते वाचून आलं. त्यांना नेमकं असंच कुत्रं हवं होतं. शब्द जितके नेमके, तितका येणारा माणूस नेमका.

आलेल्यांना "कुत्री आवडतात का" हे विचारण्यात अर्थ नाही. तुमचा कालचा दिवस कसा गेला ते सांगा, असं विचारा. कुत्र्याच्या वाट्याला किती वेळ येईल ते आपोआप कळतं. घरातल्या सगळ्यांना भेटा, विशेषतः जी व्यक्ती गप्प बसली आहे तिला. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. याआधीच्या कुत्र्याचं काय झालं, गावाला गेल्यावर कोण सांभाळणार, हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. घर बघून या. गच्चीचा कठडा आणि फाटकाखालची फट बघा. कुणाला भेट म्हणून द्यायचं असेल तर मी कुत्रं देत नाही. नसबंदी झाल्याशिवायही देत नाही, आणि पिल्लू त्यासाठी फार लहान असेल तर तारीख ठरवून तसं लिहून घेते. त्या कागदावरचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हे: काही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं दुसऱ्या कुणाला न देता माझ्याकडे परत आणून द्यायचं.

सोपवताना गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही घालून, दोन्हींना पट्टे लावून न्या, कारण पळून जाण्याची भीती पहिल्या दिवसांतच सर्वांत जास्त असते. गळ्यात तुमचा आणि त्यांचा, दोघांचे फोन नंबर असू द्या. ओळखीची चादर न धुता सोबत द्या. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की ते कदाचित दोन दिवस जेवणार नाही, कोपऱ्यातून बाहेर येणार नाही, भुंकणार नाही. ते भेदरलेलं असतं. खरा स्वभाव काही आठवड्यांनी उघडतो, तेव्हा कदाचित चपला चावेल, दारावर भुंकेल, आणि लोकांना वाटेल ते बिघडलं. या दोन वळणांवर तुमचा फोन गेला पाहिजे: दुसऱ्या दिवशी आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात. परत आलंच तर त्या कुटुंबाला बोल लावू नका. काय जमलं नाही ते नीट विचारा, वहीत लिहा आणि जाहिरातीत ती ओळ घाला.

तुमच्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिलं कुत्रं रस्त्यावरून उचलू नये, असं मला वाटतं. जवळपास हे काम करणारं कुणी शोधा आणि त्यांच्याकडचं एक बरं होत आलेलं कुत्रं महिनाभर घरी आणून सांभाळा. औषधं, पिंजरा, शेजाऱ्यांची कुरबुर, रात्रीचं रडणं, जाहिरात, येणारे फोन, सगळं त्यात येतं, आणि अडलं तर विचारायला माणूस असतो. त्याच महिन्यात रात्री उघडा असणारा दवाखाना, कुत्रं बसवू देणारी गाडी आणि अडीअडचणीला दोन दिवस सांभाळणारा एखादा मित्र, असे तीन फोन नंबर जमवून ठेवा. आणि एका वेळी किती हा आकडा आत्ताच ठरवा. माझ्याकडे जागा एकाच कुत्र्याची आहे. ती भरलेली असताना फोन आला तर मी डॉक्टर गाठून देते, उचलायला जाते, पैसे देते, पण घरी आणत नाही.