समुपदेशक घरी आले तरी तिनं दार उघडलं नाही तर?

पत्र: मुलगी 15 वर्षांची आहे. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळा बुडवते. रात्री ‘उद्या काही होणार नाही ना?’ हे वीसदा विचारते. आता समुपदेशक घरी येणार आहेत. ती म्हणते, दारच उघडणार नाही. तिच्या बाबांना हे नाटक वाटतं. काय करू?

उत्तर: तिनं दार नाही उघडलं तरी भेट वाया जात नाही. कोण, कधी, किती वेळ येणार (साधारण तासभर) ते तिला आदल्या दिवशी सांगा. बसा बाहेरच्या खोलीत. तिची खोली तिचीच राहू द्या. बाबांनी मात्र भेटीला थांबायलाच हवं. तिचं पोट खरंच दुखतं, भीतीनंही दुखतं. डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, म्हणजे दुसऱ्या आजाराची शंका मिटेल.

घरी येण्याचा खरा फायदा असा की तिच्या भीतीभोवती घर कसं वागतं ते समुपदेशकांना दिसतं. तुम्ही वीसदा धीर देता, शाळेला तुम्हीच फोन करता. मायेनंच करता, पण त्यानं तिला क्षणभर बरं वाटतं आणि भीती पक्की होते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी विकसित केलेली ‘स्पेस’ पद्धत नेमकी इथेच काम करते: आधी पालकांनी आपलं वागणं बदलायचं. त्यात मूल बसलं नाही तरी चालतं.

एकच सवय निवडा. तिला शांत वेळी सांगा, ‘सोमवारपासून या प्रश्नाचं उत्तर मी एकदाच देईन.’ पुन्हा विचारलं तर एवढंच म्हणा: ‘तुला भीती वाटतेय हे कळतंय मला. आणि तू ती निभावशील, ही खात्रीही आहे.’ सुरुवातीला रडणं, चिडणं वाढेल. चौथ्या दिवशी तुम्ही नमलात, तर ‘जास्त ताणलं की मिळतं’ एवढंच ती शिकेल. म्हणून बाबांचं आणि तुमचं आधी एकमत हवं.

शाळेसाठी तिच्यासोबत पायऱ्या ठरवा: गणवेश घालून बसणं, शाळेच्या फाटकापर्यंत जाणं, वर्गात एक तास बसणं. भीतीला 0 ते 10 गुण तिनंच द्यायचे. सुरुवात 3-4 वाल्या पायरीपासून. भीती ऐन भरात असताना तिला घरी परत आणू नका, ही चूक सहज होते. तीच पायरी रोज करा, सोपी वाटेपर्यंत.

ती समुपदेशकांशी एकटी बोलली तर ‘काय म्हणाली?’ विचारू नका. जिवाला धोका असेल तर ते सांगतीलच. हे पहिल्याच भेटीत तिच्यासमोर ठरवून घ्या. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा दिसली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.