जाहिरात पाहून डोळे भरून येतात, यामागे नेमके काय घडते?

आपण लिहिले आहे की विम्याच्या एका जाहिरातीत वडील मुलीला सायकल शिकवताना पाहून आपले डोळे भरून आले. त्या तीस सेकंदांत विम्याची एकही अट सांगितलेली नव्हती, तरीही त्या कंपनीबद्दल विश्वास वाटू लागला, तो का, असा आपला प्रश्न आहे. मी अनेक वर्षे जाहिरातपटांचे संकलन केले आहे, त्यामुळे ही जुळणी कशी होते ते जवळून पाहिलेले आहे.

कंपनी विश्वासार्ह आहे, असे त्या जाहिरातीत कोणीही म्हटलेले नसते. तेथे फक्त एका दृश्यापाठोपाठ दुसरे दृश्य ठेवलेले असते आणि त्या दोहोंमधला अर्थ पाहणारा स्वतःच लावतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी एका नटाच्या चेहऱ्याचा एकच निर्विकार शॉट एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा एका स्त्रीच्या शॉटशेजारी जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर अनुक्रमे भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली, असे सांगितले जाते. जाहिरातीत चेहऱ्याच्या जागी वडिलांचे प्रेम असते आणि वाडग्याच्या जागी कंपनीचे बोधचिन्ह. जे विधान कोणी केलेलेच नाही ते खोडून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि माझ्या मते जाहिरातीचे सर्वांत मोठे बळ येथेच आहे.

सायकलच्याच प्रसंगाचे एक काम माझ्याकडे आले होते. वडिलांचा हात सीटच्या मागच्या बाजूला घट्ट धरलेला, मग बोटे एकेक करून सैल होतात, सायकल फ्रेममधून बाहेर जाते आणि हात हवेत तसाच राहतो. पहिल्या जुळणीत हात सुटताच मी मुलीच्या हसऱ्या चेहऱ्यावर कट केला होता आणि प्रसंग नीटनेटका असूनही तो कोणाच्याही मनाला भिडत नव्हता. दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून त्या रिकाम्या हातावर मी बारा फ्रेम, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, अधिक थांबलो आणि तेवढ्यापुरते पार्श्वसंगीत पूर्ण बंद केले. पुन्हा दाखवले तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले. त्या अर्ध्या सेकंदात प्रत्येकाने आपापला हात, आपापले वडील किंवा आपले मूल आठवून घेतले होते. संगीत पुन्हा सुरू होते त्याच ठोक्यावर पॅकशॉट येतो, म्हणजे वस्तू किंवा बोधचिन्ह पडद्यावर एकटे दिसते, आणि दाटून आलेला गळा मोकळा होण्याचा क्षण त्या नावाच्या वाट्याला जातो.

प्रकाश, रंग आणि कॅमेऱ्याची जागा यांचे कामही त्याच दिशेने चालते. मावळतीचा सोनेरी उजेड आठवणींचा भास निर्माण करतो, खालून लावलेला कॅमेरा माणसाला किंवा मोटारीला मोठेपण देतो आणि स्लो मोशनमुळे साधी हालचालही महत्त्वाची वाटू लागते. पार्श्वभूमी धूसर ठेवली की नजरेला डोळ्यांखेरीज दुसरीकडे जायला जागाच उरत नाही.

भावना फक्त कोमलच असते असे मात्र नाही. 7 सप्टेंबर 1964 रोजी अमेरिकेत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराची एक मिनिटाची जाहिरात दाखवली गेली. त्यात एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत, आकडे चुकत मोजत असते. मग एका पुरुषाचा कोरडा आवाज उलटी गणती सुरू करतो, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरत पडदा काळा होईपर्यंत जवळ जातो आणि शून्य म्हणताच अणुस्फोट होतो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे त्यात नावही नाही. पैसे मोजून ती एकदाच दाखवली गेली होती आणि पुढे बातम्यांनीच ती पुन्हा पुन्हा दाखवली. तिच्या निर्मितीत सहभागी असलेले ध्वनितज्ज्ञ टोनी श्वार्ट्झ यांचे म्हणणे असे होते की उत्तम राजकीय जाहिरात प्रेक्षकाला काही सांगत नाही, त्याच्या मनात आधीपासून असलेले वर आणते. अणुयुद्धाची भीती घराघरांत होतीच, त्या जाहिरातीने तिला फक्त एका व्यक्तीच्या दिशेने वळवले.

हे सारे फसवणूकच आहे का, असेही आपण विचारले आहे. मला तसे वाटत नाही, कारण वडिलांबद्दलची माया खरी असते आणि तिच्याविषयी कोणी खोटे बोललेले नसते. मी रेष ओढतो ती दाखवलेल्या पुराव्यापाशी. दाढीच्या एका क्रीमच्या अमेरिकन जाहिरातीत सॅंडपेपरवर क्रीम लावून लगेच वस्तरा फिरवलेला आणि वाळूचे कण साफ निघालेले दाखवले होते. प्रत्यक्षात तेथे पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर वाळू भुरभुरलेली होती, आणि खरा सॅंडपेपर तसा साफ व्हायला सुमारे 80 मिनिटे भिजवावा लागत होता. पडद्यावर खरा सॅंडपेपर साध्या कागदासारखा दिसतो, ही अडचण पुढे करूनही 1965 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या विरोधात निकाल दिला. मला तो निकाल अगदी योग्य वाटतो, कारण प्रेक्षक ऐकलेल्या शब्दावर शंका घेतो, पण जे डोळ्यांनी पाहिले असे त्याला वाटते त्यावर सहसा घेत नाही.

आपण ती विम्याची जाहिरात एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावी आणि हात सुटल्यापासून कंपनीचे नाव येईपर्यंत किती सेकंद जातात ते मोजावे. संगीत नसल्यामुळे तो मधला कट आपल्याला बहुधा प्रथमच स्पष्ट दिसेल. वडिलांच्या हाताचा शॉट तरीही आत कुठेतरी लागेल, पण त्यानंतर येणारे बोधचिन्ह त्याच्यापासून वेगळे, नंतर आणून ठेवल्यासारखे दिसेल.