भावाच्या ओव्हरपेमेंटच्या पत्राला उत्तर देताना आजाराचा मुद्दा कुठे मांडावा

तुमच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ब्रिटनमध्ये त्याला उत्पन्नावर आधारित ईएसए (आजारामुळे काम करू न शकणाऱ्यांचा सरकारी भत्ता) मिळत होता आणि आईच्या घराच्या विक्रीतील वाटा खात्यात आल्यावर त्याची बचत 16,000 पौंडांच्या, म्हणजे या भत्त्यासाठीच्या मर्यादेच्या, वर गेली. त्याने ते कळवले नाही, म्हणून डीडब्ल्यूपी (भत्ते देणारे सरकारी खाते) आता दोन वर्षांचे पैसे परत मागत आहे. ‘त्याला समजतच नव्हते’ एवढ्यावर लढावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते, तेवढ्यावर लढू नये.

या ईएसएसारख्या जुन्या भत्त्यांना 1992 च्या सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्टचे कलम 71 लागू होते आणि त्यानुसार महत्त्वाची गोष्ट कळवायची राहिली, तर हेतू निर्दोष असला तरी वसुली होऊ शकते. शिकण्याची अक्षमता असलेल्या एका आईने आपली मुले सरकारी देखभालीत गेल्याचे कळवले नव्हते. ते कळवायला हवे हे तिला उमगत नसले तरी जबाबदारी टळत नाही, असे कोर्ट ऑफ अपीलने 2005 मध्ये ठरवले. मला हा निकाल कठोर वाटतो, पण अपील ऐकणाऱ्या ट्रायब्युनलला तो बंधनकारक आहे. मात्र जी गोष्ट माणसाला ठाऊकच नव्हती, ती त्याने कळवली नाही असे म्हणता येत नाही. म्हणून सॉलिसिटरने (वकिलाने) घरविक्रीचे पैसे खात्यात भरले तेव्हा भाऊ रुग्णालयात होता का, बँकेची पत्रे तो उघडत होता का, याचा शोध आधी घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून नेमके त्या काळाविषयीचे पत्र मागा. ‘रुग्ण दीर्घकाळ आजारी आहे’ अशा सर्वसाधारण पत्राचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरे म्हणजे हिशेब तपासा, कारण ही बाजू बहुतेकांच्या नजरेतून सुटते. लपलेल्या बचतीमुळे जादा पैसे गेले असतील, तर दर 13 आठवड्यांनी तोवर जादा दिलेली रक्कम त्या बचतीतून वजा झाली असे धरावे लागते. बचत मर्यादेच्या थोडीच वर असेल, तर यामुळे मागणी बरीच घटू शकते.

मॅन्डेटरी रिकन्सिडरेशनसाठी, म्हणजे डीडब्ल्यूपीने आपला निर्णय पुन्हा तपासावा अशा मागणीसाठी, निर्णयापासून एक महिना मिळतो. तो उलटला असल्यास आजारपण हे उशिराचे सबळ कारण ठरू शकते, पण एकूण 13 महिन्यांच्या पुढे दार जवळजवळ बंद होते.

युनिव्हर्सल क्रेडिटचा (जुन्या भत्त्यांच्या जागी आलेल्या भत्त्याचा) काळही मागणीत असेल, तर तो भाग वेगळा काढा. तेथे चूक डीडब्ल्यूपीची असली तरी रक्कम वसूल करता येते, त्यामुळे कोणाला काय ठाऊक होते हा वाद त्या भागापुरता निरुपयोगी आहे. रक्कम किंवा पात्रतेवर हरकत घेता येते. त्यापलीकडे वसुली माफ करण्याची विनंती उरते, आणि आजाराचे खरे वजन तिथेच पडते. वसुलीमुळे प्रकृती कशी ढासळेल, हे डॉक्टरांच्या शब्दांत, घरखर्चाच्या तपशिलासह लिहा. माफी नाकारली, तरी तोच कागद हप्ता कमी करून घेण्यासाठी पुन्हा वापरता येतो.

तुम्ही अपॉइंटी (भावाच्या वतीने भत्त्याचे व्यवहार पाहणारी व्यक्ती) होण्याचा विचार करत असाल, तर पुढचे सर्व बदल कळवण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल, हे ध्यानात ठेवून अर्ज करा.