अमेरिकेच्या ए-10 सारखं खास जमिनीवर मारा करणारं विमान भारताने कधीच का बनवलं नाही? मिग-27 त्याच्यासमोर अगदीच फालतू होतं का?

कधीच बनवलं नाही असं कोण म्हणतं? एचएफ-24 मारुत. कुर्ट टँक या जर्मन माणसाने बंगळुरात बसून आखलं, 17 जून 1961 ला पहिल्यांदा उडालं, 1971 ला राजस्थानच्या आघाडीवर लढलं. हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही आणि 147 विमानांवर गाडी थांबली. झालं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

आता "फालतू". मी हवाई दलात वेपन फिटर, म्हणजे विमानाची शस्त्रं बसवणारा-भरणारा होतो, नोकरीतली बरीच वर्षं मिग-27 च्या पोटाखाली गेली. हाच शब्द ऐकून मी साडूच्या घरी भरल्या ताटावरून उठलोय.

27 डिसेंबर 2019. मार्गशीर्ष आदल्याच दिवशी संपला होता, म्हणून मटणाचा बेत. टीव्हीवर जोधपूर दाखवत होते, सात मिग-27 शेवटची उडत होती. माझा घास हातातच राहिला. साडू पायदळातला, 1999 च्या कारगिल युद्धात द्रासला होता, टायगर हिल शिखराच्या भागात. रस्सा ओरपत म्हणाला, "सुटलो बाबा! काय ते फालतू विमान. दुसऱ्याच दिवशी पाडून घेतलंत. ए-10 असतं तर टायगर हिल आठवड्यात मोकळी केली असती."

अहो, पाडलं नव्हतं. 27 मे ला मारा करताना मिग-27 चं इंजिन बंद पडलं, वैमानिक नचिकेता बाहेर पडले आणि पकडले गेले. क्षेपणास्त्र लागलं ते त्याच दिवशी मिग-21 ला, आणि दुसऱ्या दिवशी एमआय-17 हेलिकॉप्टरला. त्या डोंगरात माणसं खांद्यावर क्षेपणास्त्रं घेऊन बसली होती, आणि हा तिथे ताशी 700 किलोमीटरसुद्धा धड न गाठणारं विमान फिरवायला निघाला! मी तसं बोललो, थोडं जास्तच मोठ्याने. मेव्हणीने टीव्ही बंद केला. मी हात धुतले.

मिग-27 ची सहा नळ्यांची 30 मिमी तोफ मिनिटाला सुमारे 5,000 गोळे ओकायची. गोळ्यांचा पट्टा भरायला आम्ही घामाघूम, खांदे भरून यायचे. पोरगा वर जाणार, बटण दाबणार, तीन-चार सेकंदांत सगळं खलास. परत आल्यावर नळ्यांवर हात फिरवला की काजळी नखांत जाऊन बसायची, रॉकेलने घासलं तरी दोन दिवस निघायची नाही. घरी बायको मला पिठाला हात लावू द्यायची नाही. तोफेच्या हादऱ्याने लँडिंग लाइटच्या काचा तडकायच्या, हे जगजाहीर आहे. नाकात रडार नाही, लेसरने अंतर मोजायचं. नाक खाली उतरतं केलेलं, वैमानिकाला जमीन दिसावी म्हणून. असं विमान हवेतल्या मारामारीसाठी कोण बनवतं? जमिनीवरच्या माऱ्यासाठीच होतं ते.

ए-10 मध्ये 1,174 गोळे मावतात आणि वैमानिक टायटॅनियमच्या टबात बसतो, हे मान्य. रणगाडे मारायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण टायगर हिलवर रणगाडे नव्हते. 5,000 मीटरवर, पातळ हवेत, दगडाआड बसलेली माणसं होती. तिथे शेवटी नेम लागला तो उंचावरून लेसरने नेम धरणारे बॉम्ब टाकणाऱ्या मिराज-2000 विमानाचा, 24 जूनला. म्हणजे ना माझं विमान, ना साडूचं.

हो, मी वैमानिक नव्हे. आणि उड्डाणात इंजिन बंद पडणं ही किरकोळ गोष्ट नाही, हेही कबूल. साडूचं एक मात्र खरं: खाली खंदकात बसलेल्याला विमान कोणतं याच्याशी घेणंदेणं नसतं, वेळेत आलं का एवढंच तो बघतो. राजस्थानातल्या लोंगेवाला ठाण्यावर 1971 मध्ये रात्रभर रणगाडे समोर होते आणि जैसलमेरची हंटर विमानं उजाडल्याशिवाय येऊ शकत नव्हती. हे त्याने त्या दिवशी नीट सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.

तो हे वाचणारच, मराठी सगळं वाचतो. भाऊ, 27 मे. पाडलं नव्हतं.