पहिलं जुनं रूकी कार्ड घेण्याआधी

बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२चं कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ते वाचून तू या नादाला लागला असशील तर आधी हे ऐक: ते त्याचं रूकी, म्हणजे कारकिर्दीतलं पहिलं, कार्ड नाहीच. रूकी १९५१चं, बोमन कंपनीचं. विकणारे 'रूकी' हा शब्द फार सैल वापरतात. साल, कंपनी आणि मागचा क्रमांक जुळवल्याशिवाय खिशात हात घालू नकोस.

पहिल्याच खरेदीत चकचकीत प्रतीच्या मागे लागू नकोस. कोपरे झिजलेले असू देत, मधे घडी नको, छपाई सरळ बसलेली हवी. मला तर अशीच कार्डं आवडतात. पोरांनी हाताळलेली कळतात.

खरी फसवणूक कडांमध्ये असते. झिजलेली कड बारीक कापून कोपरा पुन्हा टोकदार करतात. १९५७पासून टॉप्सचं माप अडीच बाय साडेतीन इंच, १९५२ ते ५६ची त्याहून मोठी. पट्टी लाव, मग भिंग घे. बाकी कार्ड मळकट आणि एकच कड ताजी पांढरी दिसली, तर सरळ सोडून दे. मागची बारीक अक्षरंही बघ: अस्सल कार्डावर ती सलग शाईची असतात, नकलेत बरेचदा ठिपके दिसतात.

बेसबॉलपटू पीट रोझचं १९६३चं कार्ड मात्र सुटं घेऊच नकोस, त्याच्या नकला फार. पीएसए किंवा एसजीसी या कार्डं पारखणाऱ्या कंपन्यांनी तपासून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेलंच घे, आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर ताडून पाहा. डब्याही बनावट निघतात.